मशीनची बदली

३ फेब्रुवारी, मंगळवार

आठातली तीन. बाकीची पाच नुसते बुडबुडे काढतात.

या वॉर्डात तंत्रज्ञ म्हणून रुजू होऊन आठवडा झाला, पण मोजायचं मीटर आज हातात आलं. ऑक्सिजनची सगळी मशीनं तपासली. खोलीतल्या साध्या हवेत ऑक्सिजन असतो एकवीस टक्के. चांगल्या मशीनमधून तो नव्वदच्या वर यायला हवा. तीन मशीनं ठीक आहेत. उरलेल्या पाचांतलं बरं त्यातल्या त्यात बावन्नवर, सगळ्यात वाईट अडतीसवर.

आणि पाचही झकास आवाज करतात. बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येतात, नळीतून वारा लागतो. कोणाला संशय येणार? मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बुडबुडे येतायत ना? मग?" मी सांगितलं, बुडबुडे साध्या हवेचेही येतात, नळीने पाण्यात फुंकलं तरी येतात. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

कारण शोधायला वेळ लागला नाही. झाकण उघडलं तर आत पीठ. खडीचं. क्रशरचा रस्ता हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीला लागून जातो. गाळण्या बुजल्या आहेत. आतल्या टाकीत पांढरे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. ते दाणेच मेले आहेत. ते इथे कुठे मिळत नाहीत.

वॉर्डातली सगळी माणसं खाणीतली नाहीतर क्रशरवरची. त्यांच्या फुप्फुसांत हेच पीठ. ड्रायव्हरकाका (डंपर चालवायचे, आता दाराजवळची कॉट चालवतात असं स्वतःच म्हणतात) माझं काम बघत होते. म्हणाले, "म्हणजे मशीनला पण आमचाच आजार." मी हसले नाही. बाबा हसले, मग बराच वेळ खोकले.

बाबा सहाव्या कॉटवर. त्यांचं मशीन अडतिसाचं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट लक्षात आली, ती काल सुटली होती. काल सगळी मशीनं मागून उघडली, पुढून नीट पाहिलीच नाहीत. चूक माझी.

ऑक्सिजन कमी पडला की मशीन स्वतः सांगतं. पुढच्या बाजूला पिवळा दिवा लागतो आणि आवाज येतो. पाचही मशीनच्या दिव्यावर आणि आवाजाच्या जाळीवर कापसाचा बोळा, आणि वर जाड चिकटपट्टी. जखमेला लावतात ती.

"ही कोणी लावली?"

"मी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दिवसभर ओरडायची ती. पेशंट घाबरतात. घाबरलेला माणूस जास्त धापा टाकतो."

मी म्हटलं, दिवा झाकणं हा गुन्हा आहे.

"मग करा फिर्याद, मॅडम." एरवी त्या मला पोरी म्हणतात.

मी पाचही पट्ट्या काढल्या. पाचही मशीनं एकदम ओरडायला लागली. सगळा वॉर्ड उठून बसला. एक बाई रडायला लागल्या, त्यांना वाटलं त्यांच्या नवऱ्याचं काही झालं. मी चहाच्या वेळी बाहेर गेले आणि परत आले तोवर पट्ट्या पुन्हा जागेवर होत्या. या वेळी मी त्या काढल्या नाहीत.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मुख्य स्टोअरला फोन. सगळं सामान तिथून येतं, जातंही तिथेच. तिथले साहेब फार गोड बोलतात. मी पाच मशीनची रीडिंग सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"मॅडम, मला एका शब्दात सांगा. चालू की बंद?"

"चालतात, पण ऑक्सिजन—"

"चालतात म्हणजे चालू."

"उपयोग नाही त्यांचा."

"मग बंद म्हणा. बंद म्हणालात तर उद्या गाडी पाठवतो, उचलून नेतो, भंगारात जमा करतो. मग तुम्ही नव्याची मागणी करा. ती वर जाईल."

"वर गेलेली खाली कधी येते?"

हसले. "बघतो आणि फोन करतो."

९ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डॉक्टरांशी बोलले. ते माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे असतील, पण चेहरा निवृत्तीला आलेल्या माणसाचा. त्यांनी बदलीचा अर्ज केला आहे. हे त्यांनी सांगायची गरज नसते. दर दोन वाक्यांमागे बदली येते. "माझी बदली झाली की तुम्ही हे पुढच्याला सांगा." "बदली होईपर्यंत मला हा वॉर्ड बंद पडू द्यायचा नाही."

त्यांचं म्हणणं असं. मशीनं भंगारात गेली तर वॉर्डात तीन उरतात. आठ कॉटला तीन मशीनं म्हणजे कागदावर हा ऑक्सिजनचा वॉर्डच नाही. मग सगळ्यांना मोठ्या हॉस्पिटलला पाठवा असा आदेश येईल. "आणि तिथे ही माणसं पोचतील का, ते तुम्हीच सांगा."

ड्रायव्हरकाका मागच्या वर्षी पोचले होते. त्यांनीच सांगितलं. बस बदलून, जिने चढून, बाकावर बसले. तिथे दारातला माणूस नाव पुकारतो. त्याने काकांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांच्यात "हो" म्हणण्याएवढा श्वास नव्हता. हात वर केला, पण तो कागदाकडे बघत होता. गैरहजर म्हणून पुढचं नाव. संध्याकाळी खिडकी बंद झाली, काका घरी आले.

"मेलो असतो तरी गैरहजरच लिहिलं असतं," काका म्हणाले. हे बोलायला त्यांना चार श्वास लागले. मी मोजते, सवय आहे. बाबांना सध्या एका श्वासात तीन शब्द जमतात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन चांगली मशीनं कोणाला द्यायची, हे आज ठरवलं. बोटाला क्लिप लावून प्रत्येकाच्या रक्तातला ऑक्सिजन पाहिला. ज्यांचा आकडा सगळ्यात खाली, त्या तिघांना. डॉक्टरांनी मान हलवली. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "आणि बापाचं?" मी म्हटलं, ते पाचवे आहेत.

ड्रायव्हरकाकांना मिळालं. मशीन ढकलत त्यांच्या कॉटपाशी नेलं तर म्हणाले, "नवरी आली."

घरी आत्या वाट बघत होती. बाबांची बहीण. आई गेल्यापासून घर तिचं आणि आम्ही तिचे. तिला बातमी माझ्याआधी पोचली होती.

"लोकांना हवा आणि बापाला बुडबुडे?"

"आकड्याप्रमाणे दिलंय, आत्या."

"खाणीत ड्रिल मारून मारून तुझी फी भरली त्याने. तेव्हा आकडा नाही बघितला."

उत्तर होतं माझ्याकडे. म्हणजे, बरोबर उत्तर होतं. जेवून भांडी घासली. आत्याने ती पुन्हा घासली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

स्टोअरला फोन. साहेब जेवायला गेले होते. नंतर फोन. साहेब मीटिंगला.

सगळ्या मशीनवर माझं नाव आणि नंबर असलेली चिठ्ठी चिकटवली. 'अडचण आल्यास कळवा.' छापील, वर प्लॅस्टिक. निदान आवाज यायची एक वाट तरी उघडी राहील. मोठ्या सिस्टरनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाल्या, "तू इथेच तर असतेस. हाक मारली तरी ऐकू येईल."

खरं आहे. पण नियम तसा आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाबांच्या मशीनच्या गाळण्या धुतल्या, वाळवल्या. अडतीसचं एक्केचाळीस झालं. बाबांनी विचारलं, "झालं — का — इंजिनीअर?" हल्ली इंजिनीअर म्हणतात मला. मी इंजिनीअर नाही, तंत्रज्ञ आहे. त्यांची ही चूक मी सुधारत नाही.

"थोडं झालं," म्हटलं.

"छान — वाटतं," म्हणाले.

काही वाटलं नसणार. तीन टक्क्यांनी काही वाटत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ड्रायव्हरकाका गेले. सकाळी, चहा यायच्या आधी. त्यांचं मशीन त्र्याण्णववर होतं, मी नंतर तपासलं. मशीनमध्ये काही खोट नव्हती. त्यांच्याकडे ती हवा घ्यायला जागाच उरली नव्हती.

हे मला मीटर नाही सांगत. त्याचं तोंड मशीनकडे आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

रिकामं झालेलं मशीन कोणाला? आज पुन्हा सगळ्यांना क्लिप लावली. बाबा चौऱ्याऐंशी. पाचव्या कॉटवरचा माणूस ब्याऐंशी. तो क्रशरवर पाटीवाला होता, बाबांहून बराच तरुण. त्याची बायको दिवसभर पायाशी बसून असते, कोणाशी बोलत नाही.

दोनाचा फरक. क्लिप तेवढी इकडे तिकडे दाखवते. बोट गार असेल तरी दाखवते. बाबांची बोटं गारच असतात. त्यांचा आकडा मी तीनदा घेतला. तीनदा चौऱ्याऐंशीच आला.

पाचव्या कॉटला दिलं.

त्याच्या बायकोने माझे हात धरले. सोडवून घ्यायला जरा वेळ लागला. बाबा दुसरीकडे बघत होते. मोठ्या सिस्टर माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "शहाणी आहेस. फार शहाणी आहेस." कौतुक नव्हतं ते.

आत्या बोलत नाही. ताट वाढून ठेवते आणि आत जाते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्टोअरच्या साहेबांना शेवटी गाठलं. मी आवाज चढवला नाही. फक्त सांगितलं की एक माणूस गेला आणि अजून जातील.

"मॅडम, तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या. मनापासून सांगतो. नवीन येणार नाही. या वर्षी तर नाहीच."

"मग?"

"बदली करू."

"म्हणजे बदलून देणार?"

"बदलीच म्हणतोय ना मी. पाच जातील, पाच येतील. पण एक आहे. बंद मशीनची बदली होत नाही. चालू असेल तरच. मी लिहून घेतोय. सांगा, चालू की बंद?"

ते थांबले होते. मागे कोणीतरी चहा ढवळत होतं.

मी विचार केला. वीज लावली की मोटर चालते. मोटर चालते तर मशीन चालू आहे. या शब्दाचा अर्थ एवढाच. त्यात ऑक्सिजनचं कुठे काही म्हटलेलं नाही.

"चालू," म्हटलं.

"शाब्बास. बघतो आणि फोन करतो."

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "तुम्ही पण चालू निघालात," म्हणाले. मग खिडकीबाहेर बघून, "मशीनची पण बदली होते. माझीच होत नाही."

२ मार्च, सोमवार

फोन नाही.

बाबांना हल्ली जेवताना नळी काढावीशी वाटत नाही. नळी लावूनच घास घेतात. दोन घासांत थांबतात. आत्या भरवते. इकडे बघत नाही.

५ मार्च, गुरुवार

बाबा अठ्ठ्याहत्तर. एका श्वासात दोन शब्द. कधी एकच.

आकड्याप्रमाणे आता ते पहिले आहेत. चांगली तीन मशीनं तिघांच्या नाकाला. कोणाची काढायची? हा विचार मी करून पाहिला. पाचव्या कॉटकडे पाहिलं. तो झोपला होता, चेहऱ्यावर रंग आला होता, बायको त्याचं डोकं विंचरत होती.

नियम असा केला होता की ज्याचा आकडा खाली त्याला द्यायचं. दिलेलं काढून घ्यायचं की नाही, ते मी ठरवलंच नव्हतं. नियम करताना हे सुचलं नाही.

मोठ्या सिस्टर एवढंच म्हणाल्या, "डोळे मिटून घेते मी. हवं ते कर."

मी काही केलं नाही.

९ मार्च, सोमवार

एकच गोष्ट लिहिण्यासारखी. फोन आला. "उद्या गाडी निघतेय." खरंच आला.

१० मार्च, मंगळवार

दुपारी गाडी आली. हमालांनी पाच मशीनं उतरवली, पाच चढवली. आमची पाच जाताना पट्ट्या तशाच होत्या दिव्यांवर. त्या काढायच्या असं मी मनात योजलं होतं. पण शेवटच्या क्षणापर्यंत ती पेशंटच्या नाकाला होती, नवं मशीन लागलं की जुनं काढ, असं एकेक करत होतो. त्या गडबडीत राहून गेलं. भंगारात जाणाऱ्या मशीनला काय फरक पडतो?

आलेली मशीनं नवी नाहीत. स्वच्छ आहेत, कोणीतरी मायेने पुसलेली. दिवे उघडे. एकावर कागदाची पट्टी, हाताने लिहिलेली, अक्षर गोल. 'बाळंतपण.' दुसऱ्यावर 'मोठी खोली.' दोन्ही मी ओल्या बोळ्याने काढल्या. जुन्या खुणा ठेवल्या की गोंधळ होतो.

सगळ्यांना मीटर लावलं. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. त्र्याण्णव. एक्क्याण्णव. चौऱ्याण्णव.

स्टोअरला फोन करून पोच दिली. विचारलं, "ही वापरलेली दिसतात. कुठून आली?"

"मशीनं काय झाडाला लागतात? कुठूनतरीच येतात. चालू आहेत ना?"

"आहेत."

"मग झालं तर."

झालं तर. मी पुढे विचारलं नाही.

'बाळंतपण' लिहिलेलं बाबांना लावलं. ते चौऱ्याण्णवचं होतं. या वेळी आकड्याप्रमाणेच त्यांचा पहिला नंबर. कोणी काही म्हणू शकत नाही.

११ मार्च, बुधवार

बाबा नव्वद.

बोटं कोमट.

१४ मार्च, शनिवार

आत्या बोलली. ताट वाढताना म्हणाली, "मीठ कमी झालंय का बघ." बोलण्याला बोलणं म्हणायचं तर.

वॉर्डात डब्याच्या वेळेला ती बाबांना म्हणाली, "काय रे, लेकीने आणलेली हवा कशी आहे?" बाबा म्हणाले, "गोड आहे ग, जरा औषधाचा वास येतो, पण फुकटची आहे." सगळं एका दमात. मध्ये थांबले नाहीत. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी उठून पाण्याची बाटली भरायला गेले. ती भरलेलीच होती.

१९ मार्च, गुरुवार

मला सुख मानायची सवय नाही, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. बाबा बरे होणार नाहीत. फुप्फुसातलं पीठ बाहेर येत नाही. हे मशीन त्यांना काही महिने देईल, फार तर वर्ष. क्रशर चालूच आहे. मागच्या रस्त्याने गाड्या जातात आणि खिडकीच्या चौकटीवर रोज पांढरा थर बसतो. गाळण्या मी दर सोमवारी धुणार. तरी एक दिवस ही मशीनंही बुजतील. आज पाटी उचलणारी पोरं दहा-पंधरा वर्षांनी याच कॉटवर येतील आणि त्यांच्यासाठी तेव्हा मशीन असेल की नाही, कोणाला माहीत.

एवढं माहीत असूनही आज बाबांना हसताना पाहून बरं वाटलं. नोंद म्हणून.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरांची बदली झाली! ऑर्डर आली आहे. डोंगराजवळच्या कुठल्याशा दवाखान्यात, इथून लहान जागा. अर्ज शहराचा केला होता. कागद हातात धरून बराच वेळ उभे होते.

"काय समजायचं?" म्हणाले. "मागितली ती बदली, मिळाली ती पण बदलीच."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "जा बाबा. तिथेही माणसंच असतील."

त्यांच्या जागी कोण येणार? कोणी नाही, तूर्तास. नव्या माणसाची मागणी वर गेली आहे.

२८ मार्च, शनिवार

पाचव्या कॉटवरच्याला घरी जायचं आहे. बायकोने पहिल्यांदा माझ्याशी बोलायला तोंड उघडलं, तेही हे विचारायला, की मशीन सोबत देता का. नाही देता येत. घरी वीज असते का? असते, कधी कधी. तिला मी नाही म्हटलं. तिने मान हलवली, जणू तिला उत्तर माहीतच होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं.

बाबांनी तिला हाक मारली आणि आमच्या डब्यातलं जेवण दिलं. मग मला म्हणाले, "तू लोकांना नाही म्हणतेस ना, तेव्हा अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस." आई कशी नाही म्हणायची, मला आठवत नाही.

आज बाबा एक्क्याण्णव.

२ एप्रिल, गुरुवार

दुपारी वॉर्डात असताना फोन. अनोळखी नंबर, बाईचा आवाज. डोंगरापलीकडच्या एका दवाखान्यातल्या सिस्टर. नंबर मशीनवरच्या चिठ्ठीवरून घेतला म्हणाल्या. त्यांच्याकडे माणसं कमी म्हणून त्यांची पाच मशीनं नेली आणि बदलीवर ही पाच दिली. चालू आहेत असं सांगून. एक बाळंतपणाच्या खोलीत लावलं आहे. बुडबुडे छान येतात. पण काल एक बाळ नीट रडलं नाही, शेवटपर्यंत निळसरच राहिलं. आज दुसरी बाई टेबलावर आहे. मशीनच्या पुढच्या बाजूला चिकटपट्टी लावलेली आहे, ती काढली की मशीन ओरडतं. "ते असंच असतं का हो, मॅडम? की आमचं काही चुकतंय?"

मागून बाबा म्हणाले, "कोणाचा फोन आहे ग, एवढा वेळ नुसती ऐकत काय उभी राहिलीस?"

एका दमात.

मी सिस्टरना म्हटलं, बघते आणि फोन करते.